फर्मेंटरच्या भिंतीवरचा थर : पंप किती बारचा घ्यावा आणि माणूस आत का उतरवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मळीवर चालणाऱ्या एका डिस्टिलरीत ६ मीटर व्यासाचे आणि ९ मीटर उंचीचे, वरून बंद असलेले स्टेनलेस स्टीलचे फर्मेंटर, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाक्या, आहेत. बॅच रिकामी झाल्यावर ते पाइपने धुतले जातात आणि ठरावीक काळाने कंत्राटदाराची माणसे मॅनहोलमधून आत उतरून ५०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) पाण्याच्या गनने भिंती साफ करतात. तरीही फेसाच्या पातळीवरचा तपकिरी पट्टा पूर्ण निघत नाही आणि पुढच्या बॅचमध्ये आम्लता चढते. अशा वेळी १००० बारचा पंप विकत घ्यावा का, आणि तो घेतल्यास माणूस आत उतरवणे टळेल का, असे उत्पादन अधिकाऱ्यांनी विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. दाब दुप्पट केल्याने हा पट्टा निघणार नाही आणि हातात धरायची गन कायम ठेवली तर ती धरणारा माणूसही आतच राहील. येथे बदल करायचा तो पंपात नाही, तर पाणी भिंतीपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीत आणि पाण्याआधी थर सैल करण्याच्या क्रमात.

सर्वप्रथम थर कशाचा आहे ते पाहावे, कारण 'फर्मेंटरचा थर' म्हणून जे एकच समजले जाते त्यात निदान दोन वेगळे पदार्थ असतात. वॉशच्या, म्हणजे आंबणाऱ्या मळीच्या द्रावाच्या, पातळीच्या वर, जेथे फेस चढतो आणि उतरतो, तेथे यीस्ट, प्रथिने, मळीतील चिकट द्रव्ये आणि फेस मारण्यासाठी टाकलेले टर्की रेड ऑइल एकत्र वाळून कातड्यासारखा चिवट पट्टा तयार होतो. पातळीच्या खाली मात्र पातळ, खरखरीत, बोटाला वाळूसारखा लागणारा थर असतो. तो मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचा, म्हणजे सल्फेट आणि ऑक्झलेटचा असतो. या खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांमध्ये लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू टिकून राहतात आणि पुढच्या बॅचमध्ये यीस्टच्या आधी तेच कामाला लागतात. आम्लता चढण्याचे मूळ बहुधा येथे असते. वरचा पट्टा डोळ्यांना खुपतो म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात आणि खालच्या थराकडे कोणी पाहत नाही.

या दोहोंची परीक्षा प्रयोगशाळेतच करता येते. प्लॅस्टिकच्या खरवडणीने दोन्ही ठिकाणचे तुकडे काढावेत आणि प्रत्येकाचा एक भाग २ टक्के कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) ६० ते ६५ अंश सेल्सिअसला, तर दुसरा भाग १ टक्का नायट्रिक आम्लात ठेवावा. कॉस्टिकमधला तुकडा काही मिनिटांत बुळबुळीत होऊन सुटू लागला आणि पाणी गडद तपकिरी झाले, तर तो सेंद्रिय थर आहे. आम्लात बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. दोन्हीमध्ये तो जवळजवळ तसाच राहिला तर सल्फेटचा अंश मोठा आहे, आणि त्यासाठी ईडीटीएसारखे कॅल्शियमला धरून ठेवणारे द्रव्य कॉस्टिकमध्ये मिसळावे लागते किंवा शेवटी उच्चदाबाचे पाणी वापरावे लागते. हे न पाहता पंपाचे दरपत्रक मागवणे म्हणजे आजार न पाहता औषधाची मात्रा वाढवणे होय.

आता दाबाकडे वळू. नोझलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १० बारला तो सेकंदाला सुमारे ४५ मीटर, १०० बारला १४१ मीटर, ५०० बारला ३१६ मीटर आणि १००० बारला ४४७ मीटर असतो. म्हणजे दाब दुप्पट केला तरी वेग केवळ दीडपटीच्या आत वाढतो. भिंतीवर बसणारा एकूण धक्का हा वेग आणि दर सेकंदाला जाणारे पाणी यांच्या गुणाकारावर ठरतो. ५०० बार दाबाने मिनिटाला २० लिटर देणारी गन सुमारे १०५ न्यूटन, म्हणजे पावणेअकरा किलोइतका जोर देते. १० बार दाबाने मिनिटाला २०० लिटर देणारे नोझल सुमारे १५० न्यूटन देते, आणि पंपाची जलशक्ती लागते ती पहिल्या ठिकाणी पावणेसतरा किलोवॅट, तर दुसऱ्या ठिकाणी जेमतेम साडेतीन. अर्थात हा जोर किती क्षेत्रावर एकवटतो हेही महत्त्वाचे असते आणि दगडासारखा क्षार फोडायचा तर बारीक, तीव्र धार हवीच. परंतु चिवट, भिजलेला, भिंतीला धरून बसलेला सेंद्रिय थर फोडायचा नसतो, तो खरवडून वाहून न्यायचा असतो, आणि त्यासाठी भिंतीलगत वेगाने पसरणारे भरपूर पाणी अधिक उपयोगी पडते. कंत्राटदाराच्या दरपत्रकात बारचा आकडा ठळक अक्षरांत असतो आणि लिटरचा आकडा शोधावा लागतो, हे यामुळेच खटकते.

अंतराचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा आहे. पाण्याची धार नोझलच्या व्यासाच्या साधारण १०० पट अंतरापर्यंत एकसंध राहते आणि त्यानंतर हवा मिसळून ती फुटू लागते. ५०० बार आणि मिनिटाला २० लिटर या जोडीसाठी नोझल सव्वा मिलिमीटरच्या आसपासचे असते, म्हणजे एकसंध धार मिळते ती जेमतेम वीतभरापेक्षाही कमी अंतरात. त्यापुढे जोर झपाट्याने घटतो आणि २ ते ३ मीटरवर उरतो तो तुषार. आत उतरलेला माणूस तळावर उभा राहून लांब लान्सने (गनच्या नळीने) सहा-सात मीटर उंचीवरच्या फेसाच्या पट्ट्यावर पाणी मारत असेल, तर मापकावर ५०० बार दिसत असताना पट्ट्यापर्यंत पोहोचते ते बागेला घालायच्या पाण्याच्या जोराचे. १००० बारचा पंप त्याच प्रवाहाला आणखी बारीक नोझल मागतो, त्यामुळे धार आणखी लवकर फुटते. तुमचा पट्टा न निघण्याचे हेच मुख्य कारण असावे असे मला वाटते.

फर्मेंटरच्या माथ्यावरून आत सोडायचे फिरते जेट हेड या कामाला योग्य आहे. त्याला दोन किंवा चार नोझल असतात आणि येणाऱ्या पाण्याच्याच जोरावर, आतल्या गिअरच्या साहाय्याने, ते आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही अक्षांभोवती फिरते. त्यामुळे धारा ठरावीक जाळे विणत संपूर्ण आतल्या पृष्ठभागावरून जातात. ८ मिलिमीटरची चार नोझल ६ बारवर चालवली तर ताशी सुमारे २५ घनमीटर पाणी लागते आणि ते साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाने देता येते. तुमच्याकडे या क्षमतेचा पंप आधीच असण्याची शक्यता आहे. धारेचा व्यास मोठा असल्याने ३ मीटर त्रिज्येपर्यंत तिचा जोर टिकतो. स्थिर स्प्रे बॉल, म्हणजे छिद्रे असलेला न फिरणारा गोळा, स्वस्त पडतो, हे खरे, पण तो भिंतीवर केवळ पाण्याचा पडदा सोडतो. हा पडदा अखंड राहण्यासाठी टाकीच्या परिघाच्या प्रत्येक मीटरला मिनिटाला सुमारे ३० लिटर लागतात. तुमच्या १९ मीटरच्या परिघाला म्हणजे ताशी ३४ घनमीटर, आणि तरीही वाळलेला पट्टा खरवडण्याची ताकद त्यात नसते. बॅच रिकामी होताच धुतल्यास ओल्या थरासाठी स्प्रे बॉल चालतो, वाळलेल्या थरासाठी नाही.

फिरत्या हेडच्या बाबतीत नेहमी तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. पहिली अशी की जाळे पूर्ण होण्याआधी पंप बंद केला तर भिंतीवर धुतलेल्या आणि न धुतलेल्या पट्ट्या आलटून पालटून राहतात. अनेक मॉडेलांत पूर्ण जाळ्याला आठ फेऱ्या लागतात, म्हणून कामाची वेळ ऑपरेटरच्या अंदाजावर न ठेवता उत्पादकाच्या तक्त्यातून काढावी आणि कोणताही टप्पा त्याहून आधी थांबवू नये. दुसरी गोष्ट तळाची. जितके पाणी आत येते तितके बाहेर ओढले गेले नाही तर तळाशी डबके साचते, धारा त्या पाण्यावर आपटतात आणि ज्या तळावर सर्वाधिक गाळ असतो तोच अस्पर्श राहतो. म्हणून निचऱ्याचा पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा थोडा मोठाच असावा. तिसरी गोष्ट सावलीची. थंडाव्याची कॉइल, हवेच्या पाइपचे आधार, तापमापकाची नळी आणि मॅनहोलच्या गळ्याची आतली बाजू यांच्यामागे धार पोहोचत नाही. हेड बसवल्यावर एकदा भिंतीवर रायबोफ्लेविनचे पातळ द्रावण, लिटरला ०.२ ग्रॅमच्या प्रमाणात, फवारावे, नुसत्या पाण्याने एक जाळे पूर्ण करावे आणि मॅनहोलमधून अतिनील टॉर्चने पाहावे. जेथे पिवळसर हिरवी चमक उरते तेथे पाणी पोहोचलेले नसते. अशा जागा आढळल्या तर एक हेड मध्यभागी न बसवता दोन लहान हेडे बाजूंना बसवणे श्रेयस्कर. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत हे नेहमीचे आहे, डिस्टिलरीत मात्र कोणी करताना दिसत नाही, आणि खर्च तर किरकोळ आहे.

यानंतर क्रम. हेर्बर्ट सिनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेले सूत्र आजही धुण्याच्या प्रत्येक कामाला लागू पडते : रसायन, तापमान, यांत्रिक जोर आणि वेळ या चारांपैकी एक कमी केले तर उरलेल्यांनी ती उणीव भरून काढावी लागते. तुमच्याकडे आतापर्यंत सगळा भार यांत्रिक जोरावर टाकलेला आहे. त्याऐवजी बॅच रिकामी होताच, थर वाळण्याआधी, साध्या किंवा कोमट पाण्याने पहिले धुणे करावे. येथे वाफेच्या उकळत्या पाण्याचा मोह टाळावा, कारण त्याने प्रथिने भिंतीवर शिजून घट्ट बसतात. त्यानंतर दीड ते दोन टक्के कॉस्टिक ६५ ते ७० अंशांवर फिरते ठेवून वीस ते तीस मिनिटे त्याच हेडमधून खेळवावे, मग पाण्याने धुवावे आणि आठवड्यातून एकदा किंवा क्षार दिसेल तेव्हा अर्धा ते एक टक्का नायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाचा हात द्यावा. स्टेनलेस स्टीलवर हायड्रोक्लोरिक आम्ल कदापि वापरू नये, कारण क्लोराइडमुळे सांध्यांजवळ सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडू लागतात. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाबाबतही हाच आक्षेप आहे, आणि ते आम्लाच्या संपर्कात आल्यास क्लोरीन वायू सुटतो.

कॉस्टिक वापरण्याआधी मात्र एका धोक्याचा विचार करावा लागेल, आणि तो मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. किण्वनात जितक्या वजनाचे अल्कोहोल बनते, जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड बनतो आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने रिकाम्या फर्मेंटरमध्ये तळापासून भरलेला राहतो. कॉस्टिक हा वायू शोषून घेते. एक किलो कॉस्टिक सोडा सुमारे ३०० लिटर कार्बन डायऑक्साइड गिळतो. ३,००० लिटर पाण्यात दीड टक्का म्हणजे ४५ किलो सोडा झाला, आणि त्याची भूक साडेतेरा हजार लिटर वायूची आहे. अडीच लाख लिटरच्या बंद फर्मेंटरमधून एवढा वायू नाहीसा झाला तर आतला दाब सुमारे ५० मिलिबारने खाली येतो, तर अशा पातळ पत्र्याच्या टाक्या काही थोड्या मिलिबारच्या निर्वाताला टिकतील अशा बांधलेल्या असतात. गरम धुण्यानंतर लगेच गार पाणी सोडले तर याहून वाईट घडू शकते. ७० अंशांवरच्या संपृक्त वाफेचा दाब ३१२ मिलिबार असतो, ३० अंशांवर तो ४२ च राहतो, आणि धारांचे तुषार या वाफेचे पाहता पाहता पाणी करून टाकतात. वायू बाहेर नेणारी पाइपलाइन कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीभराई विभागाला किंवा स्क्रबरला (वायू पाण्याने धुणाऱ्या यंत्रणेला) जोडलेली असेल आणि तिचा व्हॉल्व्ह बंद असेल, तर फर्मेंटरचे छप्पर आत बसायला वेळ लागत नाही. म्हणून धुणे सुरू करण्याआधी ब्लोअरने आतला वायू पूर्ण काढावा, माथ्यावरचे मॅनहोल उघडे ठेवून त्यावर तुषार बाहेर येऊ नयेत असे जाळीचे झाकण ठेवावे, निर्वात फोडणारा व्हॉल्व्ह गार पाण्याच्या सर्वांत मोठ्या प्रवाहाचा हिशेब धरून निवडावा आणि गरम धुण्यानंतर थेट गार पाणी न सोडता मध्ये कोमट पाण्याचा टप्पा ठेवावा. वायू आधी काढण्याचा आणखी एक फायदा असा की कॉस्टिकचा कार्बोनेट होऊन त्याची धार बोथट होत नाही.

माणूस आत उतरवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दर बॅचचे किंवा दर महिन्याचे धुणे हे आत उतरण्याचे कारण होऊ शकत नाही. फर्मेंटरच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांवर गेला की ती जागा तत्काळ जीवघेणी मानली जाते, आणि हे प्रमाण किण्वन संपलेल्या टाकीत सहज असते. वरच्या मॅनहोलवर मापकाने २०.९ टक्के प्राणवायू दाखवला म्हणून तळाशीही तेवढाच असेल असे नाही, म्हणून नळी तळापर्यंत सोडून मोजावे लागते. त्याहूनही फसवी गोष्ट अशी की पाण्याची धार स्वतःच आतली हवा बदलते. तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि जुन्या, सडलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, ज्याचा वास १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला जाणवेनासा होतो. उतरण्याआधी घेतलेली नोंद त्यामुळे अर्ध्या तासात निरुपयोगी ठरू शकते, आणि मोजणी अखंड चालू ठेवावी लागते. वर्षातून एकदा तपासणीसाठी उतरावेच लागले, तर पूर्वीच्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३६ ने घालून दिलेली शिस्त, म्हणजे सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला किंवा श्वसन उपकरण आणि दोर बांधलेला पट्टा, तसेच दोराचे दुसरे टोक धरून बाहेर उभा असलेला माणूस, ही कागदापुरती राहता कामा नये. आतला हातदिवा २४ व्होल्टच्या वर नसावा, हेही त्याच अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये होते. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्याने त्याच्या मागे उडी घेऊ नये, दोर ओढावा, हे बाहेरच्या माणसाला आधी करून दाखवावे लागते. अशा घटनांत दुसरा आणि तिसरा बळी बहुधा वाचवायला उतरलेल्यांचाच असतो.

उच्चदाबाच्या पाण्याला जागा नाही असे मी म्हणत नाही. गळीत हंगाम संपल्यावर वर्षातून एकदा, कॉस्टिक आणि आम्ल दोन्हींना दाद न देणारा सल्फेटचा थर काढण्यासाठी, मॅनहोलमधून आत सोडायच्या यांत्रिक हाताला बसवलेले ५०० ते ८०० बारचे फिरते हेड भाड्याने घ्यावे. हे हेड भिंतीपासून काही वितींच्या अंतरावर ठेवता येते आणि ऑपरेटर बाहेर पायाच्या व्हॉल्व्हवर उभा असतो. त्यासाठी पंप विकत घेण्याची गरज नाही. हातातल्या गनच्या मागे येणाऱ्या धक्क्याबाबत सांगायचे तर युरोपीय मानकात २५० न्यूटनच्या वर गन हातात धरायला परवानगी नाही. ५०० बार आणि मिनिटाला ७० लिटर या जोडीचा धक्का सुमारे ३७० न्यूटन होतो, तेव्हा मोठा पंप आणून त्याच माणसाच्या हातात जुनी गन देण्याचा विचार कोणी मांडला तर तो तेथेच थांबवावा. या धारेने त्वचेला झालेली जखम बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण पाणी आणि घाण आत खोलवर शिरलेली असते. अशा जखमेवर मलमपट्टी करून घरी पाठवू नये, तर उच्चदाबाच्या पाण्याची जखम असे स्पष्ट सांगून लगेच शल्यचिकित्सकाकडे न्यावे.

नोझलची झीज ही लहान वाटणारी पण सतत नडणारी बाब आहे. बोअरच्या गाळयुक्त पाण्याने नोझलचा व्यास दहाच टक्के वाढला तर छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, आणि ठरावीक प्रवाह देणाऱ्या प्लंजर पंपावर दाब मूळच्या ६८ टक्क्यांवर येतो. मग ऑपरेटर पंपाला दोष देतो. कंत्राटदार काम सुरू करण्याआधी नोझलच्या छिद्रात मापाची तार घालून पाहावी आणि ती सैल असेल तर नोझल तेथेच बदलायला लावावे.

मळीच्या साठवण टाकीला हा सगळा क्रम जसाच्या तसा लावू नये. मळी पाण्यात विरघळते, त्यामुळे तेथे कोमट पाणी आणि वेळ पुरेसा असतो. मात्र पातळ झालेली मळी टाकीत रात्रभर भिजत ठेवण्याची सवय घातक आहे. घट्ट मळीत साखर इतकी दाट असते की यीस्टला वाढता येत नाही, पाणी मिसळताच हा अडसर जातो, किण्वन सुरू होते आणि सकाळी टाकी कार्बन डायऑक्साइडने भरलेली मिळते. धुणे आणि निचरा एकाच पाळीत पुरा करावा. पहिले गोड पाणी मळीच्या मिश्रणाला वापरायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या हिशेबात त्याची नोंद आधी ठरवून घ्यावी. अल्कोहोलच्या आणि फ्युझेल ऑइलच्या (ऊर्ध्वपातनात वेगळ्या निघणाऱ्या जड अल्कोहोलांच्या) टाक्यांत तर ज्वलनशील वाफ पूर्ण काढल्याशिवाय धार सोडूच नये. डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'कोंग हाकोन सातवा' या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांच्या टाक्या महिनाभराच्या आत फुटल्या, तेव्हा तिन्ही ठिकाणी पाण्याच्या धारांनी टाक्या धुणे चालू होते आणि तुषारांतील स्थिर विद्युतभाराकडे बोट गेले. त्यानंतर तेलाच्या जहाजांवर टाक्यांत निष्क्रिय वायू भरून धुण्याची पद्धत रुळली.

खरेदीच्या मागणीपत्रात बारचा आकडा न लिहिता टाकीचा व्यास व उंची, आतल्या कॉइलचा आराखडा, थराच्या दोन्ही चाचण्यांचे निकाल, उपलब्ध पंपाचा प्रवाह व दाब आणि निचऱ्याची क्षमता लिहावी, आणि पुरवठादाराकडून हेडच्या जागी मिळणारा दाब, पूर्ण जाळ्याला लागणारा वेळ व कॉइलमागच्या सावल्यांचा नकाशा मागावा. हेड एकाच फर्मेंटरवर बसवून सलग काही बॅच चालवाव्यात आणि शेजारचा फर्मेंटर जुन्या पद्धतीनेच धुवावा. दोन्हींमध्ये वॉश भरल्यावर पहिल्या काही तासांतली बाष्पशील आम्लता नोंदवत गेल्यास उरलेल्या फर्मेंटरांसाठी काय घ्यायचे ते तुमच्या स्वतःच्या नोंदवहीतून ठरवता येईल.